सरपणातल्या फटी

सकाळी दात घासत घासत जुळारी मागच्या अंगणात आला आणि तोंडातला फेस तोंडातच धरून उभा राहिला. सरपणाच्या थप्पीला भोक पडलं होतं. अगदी मधोमध, छातीच्या उंचीवर, जिथे दोन जाड ओंडक्यांमधली जागा भरायला त्याने एक निमुळतं लाकूड मोठ्या कौतुकाने बसवलं होतं, तिथे आता मूठभर काळोख होता. समोरचा दात पडलेल्या माणसाने हसावं तशी थप्पी त्याच्याकडे बघत होती. बरं, लाकूड कुणी नेलंही नव्हतं. ते भिंतीला टेकवून उभं ठेवलं होतं, नीट. चोराने जाताना घरमालकाच्या चपला जुळवून ठेवाव्यात, तसा तो प्रकार. लाकूड चोरीला गेलं असतं तर त्याला राग आला असता आणि गेला असता. पण हा नीटनेटकेपणा जिव्हारी लागला. म्हणजे कुणीतरी इथे येऊन, सावकाशीने, विचार करून, त्याचं काम दुरुस्त केलं होतं. त्याने चूळ भरली, लाकूड उचललं, होतं तिथे बसवलं, तळहाताने थोपटलं आणि आत जाऊन कुणालाही काही बोलला नाही. कुणालाही म्हणजे बायकोला. घरात तिसरं माणूस नव्हतं.

जुळारी हे काही त्याचं नाव नव्हे. उभा जन्म त्याने छापखान्यात खिळे जुळवण्यात घालवला, म्हणून गल्लीने ते त्याला चिकटवलं, आणि हाताने खिळे जुळवणारे छापखाने बंद पडून जमाना झाला तरी ते निघालं नाही. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं, ओळ भरायची, ओळींचं पान करायचं, पान लोखंडी चौकटीत घालून बाजूंनी पाचरा ठोकायच्या, आणि मग अख्खी चौकट दोन्ही हातांनी उचलून उभी धरायची. सगळे सुटे तुकडे, आणि एकही गळता कामा नये. गळला तर काम कच्चं. त्याच्या हातून कधी गळला नाही. एकदा मालकाने पाहुण्यांसमोर त्याला चौकट हलवून दाखवायला लावली होती, गारुड्याने साप दाखवावा तशी. त्याने ती हलवली, आणि पाहुण्यांतल्या एका बाईंनी टाळी वाजवली. ती टाळी त्याला अजून ऐकू यायची, विशेषतः दुपारी, पुस्तक छातीवर उपडं पडलेलं असताना. त्या दिवशी घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं तेव्हा ती ओले मोजे शेगडीभोवती पसरत होती. छान झालं म्हणाली, आणि मोजे उलटे केले.

मोजे उलटे करणं, हेच तिचं आयुष्य. या गावाची हवाच तशी. पाऊस नसला तर धुकं, धुकं नसलं तर नदीवरून येणारी ओल. डबीतलं मीठ गोळा होऊन बसायचं, काडेपेटीची काडी डोकं झिजेपर्यंत पेटायची नाही, पुस्तकांची पानं फुगून लाटांसारखी व्हायची आणि त्यांना जुन्या पेटीचा वास यायचा. कपाटाच्या मागची भिंत दर वर्षी हिरवी व्हायची आणि दर वर्षी ते दोघं ती पुसायचे. अशा हवेत वखारीतून येणारं लाकूड ओलंकच्च असायचं. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते अंगणात येऊन पडे, आणि थंडी सुरू व्हायच्या आत वाळवायचं असे, कारण खोलीतली लोखंडी शेगडी त्यावरच चालायची. नोकरीत होता तोवर ते रचायचं काम वखारीचा हमाल करून जाई, कसंही, वेडंवाकडं. निवृत्त झाल्यावर जुळाऱ्याने ते अंगावर घेतलं. त्याचा हिशेब सरळ होता. इथली हवा ओली. हवा आत शिरली की ओल आत शिरणार. तेव्हा हवेला शिरकावच नको. प्रत्येक लाकडाला त्याच्या मापाचं शेजारी लाकूड, प्रत्येक खाचेत एक ढलपी, आणि समोरून बघावं तर सपाट भिंत. मुंगीला शिरायला जागा नाही. वरून पत्रा. त्या भिंतीसमोर उभं राहिलं की त्याच्या मनात कुठेतरी खोल, नको म्हटलं तरी, ती टाळी वाजायची.

आणि तरी लाकूड वाळत नव्हतं. मागची अख्खी थंडी तशीच गेली. शेगडीत लाकूड घातलं की ते पेटायच्या आधी रडायचं. टोकांतून फेस येई, सूं सूं आवाज होई, आणि मग धूर. धुराडं ओढेना, धूर खोलीत मागे फिरे, आणि बायको खोकायला लागे. सुरुवातीला ती स्वयंपाकघरात जाऊन खोकायची. मग तिथवर जाण्याइतकाही दम राहिना. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं की खोली गरम हवी, पण धूर अजिबात नको. हिची छाती आता आणखी एक अशी थंडी काढणार नाही. त्यांची लेक दुसऱ्या गावी, विजेवर तापणाऱ्या कोरड्या घरात राहायची. ती येऊन बघून गेली आणि जाताना दारात म्हणाली, या वर्षी शेगडी धुरावली तर मी आईला घेऊन जाणार, बाबा. विचारायला येणार नाही, घ्यायला येणार. हे तिने रागाने म्हटलं असतं तर त्याला उत्तर देता आलं असतं. तिने ते चपलेत पाय घालता घालता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हटलं. तेव्हापासून जुळारी सगळ्या जगावर चिडलेला होता. वखारवाल्यावर, जो पाण्यात बुडवून काढल्यासारखी लाकडं पाठवतो. नगरपालिकेवर, जी नदीकडची गटारं उपसत नाही. डॉक्टरीणबाईंवर, ज्यांना बोलायला काही लागत नाही. लेकीवर तर होताच. या वर्षी त्याने थप्पी अशी रचली की तशी गावात कुणी रचली नसेल. आणि तिला भोक.

दुसऱ्या दिवशी दोन भोकं होती. त्याने भरली. पुढच्या दिवशी ती दोन पुन्हा पडली होती आणि खालच्या रांगेत तिसरं. काढलेली लाकडं तशीच भिंतीला टेकवलेली, शाळेत अंगठे धरून उभ्या केलेल्या पोरांसारखी एका ओळीत. भरायचं आणि निघायचं, भरायचं आणि निघायचं. त्याचं वाचनात लक्ष लागेना. एकच पान तो पुन्हा पुन्हा वाचे आणि ओळींमध्ये त्याला भोकं दिसत. मांजर असेल म्हणावं तर मांजर लाकडं रांगेत ठेवत नाही. वारा असेल म्हणावं तर वाऱ्याला शिरायला फट कुठे होती. राहता राहिला शेजारी. अंगणाच्या बुटक्या भिंतीपलीकडे सायकली दुरुस्त करणारा राहायचा, आणि त्याची शेगडीही लाकडावरच होती, आणि त्याची थप्पी म्हणजे नुसता उकिरडा होता. अशा माणसाला आपली थप्पी डोळ्यात सलणारच. जुळाऱ्याला भांडणाची सवय नव्हती. आयुष्यात त्याने मोठी भांडणं केली ती मनात, आणि ती सगळी जिंकली. पण त्या दिवशी तो भिंतीशी गेला, घसा साफ केला, आणि हवापाण्याचं काहीबाही बोलून शेवटी विचारलं की इकडे कुणी येताजाताना दिसतं का.

सायकलवाला चाक उलटं धरून त्याच्या तारा छेडत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, अगदी गंभीरपणे, आणि मग म्हणाला, "मास्तर, चोरानं माल काढून तुमच्याच दारात मांडून ठेवला, असा चोर मला पण द्या की एखादा. माझ्याकडे बरंच सामान काढायचंय."

"मी चोर म्हटलं नाही," जुळारी म्हणाला.

"मग काय म्हटलंत?"

सायकलवाल्याने चाक फिरवलं, ते कुठे लचकतंय ते एक डोळा मिटून पाहिलं, आणि सहज बोलावं तसं बोलला की लांबचं शोधायच्या आधी जवळचं बघावं, काखेत कळसा अन् गावाला वळसा असं व्हायचं. जुळाऱ्याला वाटलं, हा माणूस हसतोय. घरी परत येताना त्याचे कान गरम झाले होते. म्हणजे याला ठाऊक आहे. अख्ख्या गल्लीला ठाऊक असेल. आपणच तेवढे.

दुपारी तो रोजच्यासारखा खुर्चीत रेलला, पुस्तक छातीवर उपडं घातलं, डोळे मिटले, आणि झोपला नाही. खुर्चीशेजारच्या खिडकीची काच धुक्याने नेहमी आंधळी असायची. तिचा एक कोपरा त्याने आधीच बाहीने पुसून ठेवला होता. बराच वेळ काही झालं नाही. मग मागचं दार वाजू नये म्हणून वर उचलून उघडल्याचा आवाज आला. तसं ते दार उघडायची युक्ती या घरात दोघांनाच माहीत होती. बायको बाहेर आली. अंगाभोवती शाल, पायात त्याच्याच जुन्या वहाणा. थप्पीपाशी पोचल्यावर तिने आधी हात टेकला आणि तशीच उभी राहिली, मान खाली घालून; श्वास जागेवर यायची वाट बघत होती. मग तिने एक लाकूड निवडलं. निवडलं हेच खरं. बाजारात भाजी घेताना करते तसं बोटांनी दाबून, हलवून. दोन्ही हातांनी डावीउजवीकडे करत तिने ते बाहेर ओढलं, भिंतीशी उभं केलं, थांबली, पुन्हा श्वास घेतला. आणि मग तिने आपला पंजा त्या भोकात घातला. मनगटापर्यंत. काही शोधत नव्हती. नुसता धरून ठेवला, आत काही येतंय जातंय का ते बघावं तसा. तिचा चेहरा त्याला बाजूने दिसत होता. या चेहऱ्याने ती वाळत घातलेल्या चादरीच्या आत हात घालायची, घडी पडलेल्या जागी, अजून दमट आहे का बघायला. तो चेहरा त्याने हजार वेळा पाहिला होता आणि त्याच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

कुठल्याही शहाण्या माणसाला या वेळी जे कळायला हवं होतं, ते जुळाऱ्याला कळलं, आणि म्हणूनच तो भडकला. ती बरोबर होती हे त्याला ती पंजा बाहेर काढायच्या आतच उमगलं होतं. ओले कपडे एकावर एक घालून ठेवले की वास मारतात, हे या गावात पोरगंही सांगेल. आपण लाकडं वाळवत नव्हतो, आपण ओल कोंडत होतो, तिला पाचरा मारत होतो. एवढं कळायला एक क्षण पुरला. मग उरलेली सगळी दुपार त्याच्या अंगाचा तिळपापड होत राहिला तो दुसऱ्याच गोष्टीने. सांगायचं. तोंड होतं ना. नवरा खुर्चीत झोपलाय असं बघून, दार उचलून, चोरासारखं यायचं, आणि त्याच्या कामाला भोकं पाडायची, आणि संध्याकाळी तोंड वर करून विचारायचं की चहा ठेवू का. मुलाला औषध साखरेत घालून द्यावं तसं. आपल्याला सांगून उपयोग नाही असं हिने कधी ठरवलं? कधीपासून ही आपल्याभोवती अशी हळूहळू, आवाज न करता, फटी पाडत आलीय? आठवायला गेला तर आठवेना, आणि आठवेना म्हणून संताप वाढला. एकच आठवलं, तेही नको असताना. तिला बोलता बोलता मध्येच थांबायची सवय होती, शब्द शोधायला, आणि ती थांबली की तो शब्द पुरवायचा. बरोबर शब्द. लग्न झाल्यापासून. वाक्यात फट दिसली की भर. तिला तोच शब्द हवा होता की दुसरा, हे त्याने विचारलं नव्हतं, कारण त्याचा शब्द बरोबर असायचा. हळूहळू ती लहान वाक्यं बोलायला लागली. मग त्याला वाटलं, हिला बोलायची हौसच नाही.

हे आठवलं आणि त्याला स्वतःची लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण लाजेला या माणसाच्या मनात एकच वाट माहीत होती, ती रागाच्या घरातून जायची. संध्याकाळी बायको दूध आणायला गेली तेव्हा त्याने हातोडी काढली. भिंतीशी टेकवलेली सगळी लाकडं उचलून त्याने एकेक भोक भरलं, आणि या वेळी तळहाताने थोपटलं नाही. ठोकलं. पूर्वी छापखान्यात चौकटीच्या पाचरा ठोकायचा तसं, कान लावून, आवाज बदलेपर्यंत. लाकडाच्या तोंडावर हातोडीचे गोल वळ उठले. पलीकडे सायकलवाल्याचं चाक फिरायचं थांबलं आणि पुन्हा फिरायला लागलं. आता बघू, असं जुळारी पुटपुटला. कुणाला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो काचेच्या पुसलेल्या कोपऱ्यातून बघत होता. ती आली, हात टेकला, श्वास घेतला, लाकूड धरलं. ते हललं नाही. तिने दुसरं धरलं. मग तिची बोटं त्या गोल वळांवरून फिरली. ती खिडकीकडे वळून बघेल म्हणून त्याने झटकन डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा अंगण रिकामं होतं. त्यानंतर भोकं पडली नाहीत. रोज सकाळी तो बाहेर जायचा आणि थप्पी होती तशी असायची, सपाट, गप्प. तो जिंकला होता. जिंकल्यावर जे काही वाटायला हवं त्याची तो वाट बघत राहिला. चहा वेळेवर येत होता, बोलणं होतं तेवढंच होतं, ना कमी ना जास्त, आणि तिच्या डोळ्यांत रागाचा मागमूस नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्याच्या मनात रोज येई की आज आपण होऊन दोन लाकडं काढावीत. गुपचूप. पण मग ती बघेल, आणि तिला कळेल की आपल्याला कळलं होतं, आणि कळून आपण ठोकली. त्यापेक्षा लाकडं ओली परवडली. तिची छातीही परवडली का, असा प्रश्न तो स्वतःला विचारत नसे. तो त्या पानाशी येऊन थांबे आणि पान उलटे.

थंडी या वर्षी लवकर आली. पहिल्याच दिवशी शेगडी पेटवली. थप्पीच्या वरच्या रांगेतली लाकडं होती. पूर्वीच्या सवयीने बायकोने दोन लाकडं हातात घेऊन, वाळलीत का ते ऐकायला, कानाशी एकमेकांवर आपटली. दरवर्षी ती हे करायची, आणि वाचताना त्या आवाजाचा त्याला त्रास व्हायचा. एकदा तो पुस्तकातून वर न बघता म्हणाला होता की लाकडं वाजवायची नसतात, जाळायची असतात. आज आवाज झाला तो पोतं पडल्यासारखा. थप. तिने लाकडं शेगडीत घातली. फेस आला, सूं सूं झालं, धूर मागे फिरला, आणि ती खोकायला लागली. तो खिडकी उघडायला धावला तर धुकं आत आलं. आगीतून फुफाट्यात. तो वखारवाल्याला शिव्या देत राहिला, मोठ्याने, खोकला ऐकू येऊ नये इतक्या मोठ्याने.

लेक आली ती बोलल्याप्रमाणे घ्यायलाच आली. खोलीत पाय टाकताच तिने नाकाला पदर लावला, आईकडे पाहिलं आणि तडक मागे अंगणात गेली. तिच्या मागोमाग हे दोघं. लेक म्हणाली की आतलं एखादं लाकूड बघू, कदाचित ते तरी वाळलं असेल. तिने एक धरून ओढलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. तिचं तोंड लाल झालं. मग तिला वळ दिसले.

"बाबा, ही ठोकलीयत कुणी?"

जुळाऱ्याने तोंड उघडलं. त्याच्या जिभेवर वखारवाला होता, नगरपालिका होती, अख्खं गाव होतं, आणि काही केल्या त्यातलं काहीच पुढे येईना. त्याचं वाक्य तिथे तसंच अर्धं, उघडं पडलं, आणि त्यात शब्द घातला तो बायकोने.

"वाऱ्यानं पडू नयेत म्हणून," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं त्यांना."

त्याला तिचा इतका राग कधीच आला नव्हता. फोडून सांगितलं असतं, लेकीसमोर मान खाली घालायला लावली असती, तर त्याने ते सोसलं असतं. निदान भांडला असता. पण ही त्याला पांघरूण घालत होती. ज्याच्या धुराने तिचा श्वास अडत होता त्यालाच. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की खोटं आहे, मी ठोकली, बघून ठोकली. लेक एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघून आत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. अंगणात दोघंच उरले. तो थप्पीकडे बघत म्हणाला, "मला सांगायचं होतंस."

ती थांबली. शब्द शोधायला थांबायची तशीच. त्याच्या ओठांवर शब्द आला, बरोबर शब्द, आणि त्याने तो दातांखाली धरला. धरून ठेवणं किती अवघड असतं हे त्याला माहीत नव्हतं. ती बराच वेळ थांबली. तिलाही बहुतेक सवय नव्हती.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "गेल्या वर्षी. त्याच्या आधीही. तुम्ही हं म्हणालात आणि पान उलटलंत." मग तिने शाल सारखी केली. रागावलेली नव्हती, दमलेली होती. "वाळलं की कळवा."

लेक तिला घेऊन गेल्यावर त्याने हातोडी उलटी धरली आणि थप्पी फोडायला सुरुवात केली. फोडायला हेच खरं, कारण ती सुटत नव्हती. त्याचं स्वतःचं काम त्याला दाद देत नव्हतं. जन्मभर मिरवलेली गोष्ट माणसाच्या अशी अंगावर येते. पहिली पाचर निघाली तेव्हा वरची रांग घसरली आणि एक ओंडका त्याच्या पायाशी पडला. मग तो थांबला नाही. आतली लाकडं उजेडात आली. पांढरी लव चढली होती त्यांच्यावर, बोट लावलं तर चिकट, आणि वास असा की बंद खोलीत कुणी आजारी पडून असावं. बाहेरून एवढी देखणी भिंत, आणि आत हे. तो स्वतःशी, लाकडांशी, अंगणाशी भांडत होता, मोठ्याने, आणि या वेळी त्याची सगळी भांडणं तो हरत होता. सायकलवाला भिंतीवर कोपरं टेकून उभा राहिला. चेष्टा करील असं वाटलं, पण त्याने नुसत्या दोन जुन्या सायकलींच्या चौकटी पलीकडून दिल्या. म्हणाला, खाली घाला, लाकूड जमिनीला टेकलं की पाणी पितं. जुळाऱ्याने आभार मानले नाहीत. त्याला तेव्हा कुणाचंच भलेपण सोसवत नव्हतं.

पुन्हा रचायला बसला तेव्हा त्याच्या हातांनी बंड केलं. एक लाकूड ठेवलं की हात आपोआप त्याच्या मापाचं दुसरं शोधायचा, आणि सापडायचं, आणि बसायचं, आणि त्या बसण्यात अजूनही सुख होतं. बसलेलं लाकूड त्याला उपसून काढावं लागे. सरळ रांगेवर आडवी रांग, आणि दोन लाकडांत बोट सहज फिरेल एवढी जागा. ढलप्या हातात यायच्या, नेमक्या खाचेत बसतील अशा, देखण्या, आणि त्याला त्या बाजूच्या टोपलीत टाकाव्या लागत. सगळं झालं तेव्हा समोर जे उभं राहिलं ते शेजाऱ्याच्या उकिरड्यापेक्षा फारसं वेगळं नव्हतं. पलीकडची भिंत त्यातून तुकड्यातुकड्याने दिसत होती. टाळी वगैरे काही वाजली नाही. वरचा पत्रा त्याने ठेवला, बाजू उघड्या. मग वारा आला, नदीवरचा, ओलाच, आणि थप्पीतून आरपार गेला. त्याने पंजा एका फटीत घातला आणि मनगटापर्यंत आत धरला. थंड लागलं. बस, एवढंच. यात बघण्यासारखं काय होतं, ती एवढा वेळ काय बघायची, हे त्याला कळलं नाही, म्हणून तो तसाच उभा राहिला.

ती थंडी त्याने कोट घालून, मोज्यांवर मोजे चढवून काढली. मोजे दोरीवर वाळत घालायचा आणि मध्येच उठून उलटे करायचा. शेगडी पेटवली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, मला गरम होतं, आणि त्याचे दात वाजत. लेकीचा फोन यायचा. आई बरी आहे, खोकला कमी आहे, बोलतेस का आई, नको म्हणते. त्यावर तो फोन ठेवून खोलीत येरझारा घालायचा. नको कशी म्हणते. तिकडे कोरड्या भिंतींत बसून नको म्हणायला काय जातं. मग अंगणात जाऊन दोन लाकडं काढायचा, कानाशी आपटायचा. थप. पुन्हा दुसरी दोन. थप. लाकडालाही शिव्या द्यायचा. वाऱ्याला द्यायचा, जो गेली कित्येक वर्षं तेवढ्याच मुकाट्याने या अंगणातून जात होता आणि ज्याने एका शब्दाने सांगितलं नाही.

धुकं जरा विरळ व्हायला लागलं होतं अशा एका दुपारी त्याने रांगेच्या मधली दोन लाकडं उपसली. हाताला हलकी लागली, पण हातावर त्याचा आता विश्वास नव्हता. टोकांना चिरा पडल्या होत्या, साल सुटत होती. त्याने ती आपटली. आवाज कसा होता हे त्याला ठरवता येईना. बरा होता, की त्याला बरा हवा होता? पूर्वी ती वाजवायची तेव्हा कुठला आवाज आला की लाकूड शेगडीत जायचं आणि कुठला आला की बाजूला पडायचं, हे त्याला माहीत नव्हतं. त्या वेळी तो वाचत होता. त्याला एवढा राग आला, की तो लाकडं घेऊन तसाच आत गेला, फोन लावला, आणि लेकीला म्हणाला, आईला दे. नको म्हणाली तरी दे.

पलीकडे खुर्ची सरकली. मग तिचा श्वास ऐकू आला. जरा जाड, पण सरळ. मध्ये कुठे अडकत नव्हता. तो ऐकत राहिला. बोलायचं ठरवून आलेलं सगळं त्याच्याकडे होतं, शब्दाला शब्द जुळवून, आणि त्याने त्यातलं काही काढलं नाही. फोन टेबलावर ठेवला, दोन्ही हातांत लाकडं घेतली, आणि फोनच्या तोंडाशी एकावर एक आपटली.

तो फोन कानाला लावून उभा राहिला. ती काही बोलेना. कितीतरी वेळ. त्याने ती जागा भरली नाही.

"परत वाजवा," ती म्हणाली.